आधी टेकू, मग जॅक: वारसा रेल्वेच्या कार्यशाळेत वजन उचलायला शिकताना

सकाळी डब्याचं दार उघडेना. आदल्या संध्याकाळी तेच दार एका बोटाने ढकललं तरी सरकत होतं. खाली वाकून पाहिलं, तर डबा ज्यांच्यावर उचलून ठेवला होता त्या चार बॉटल जॅकपैकी (तेलाच्या दाबावर चालणारे बुटके जॅक) एक रात्रीतून दोन बोटं खाली बसला होता. बाहेर तेलाचा एक थेंबही सांडलेला नव्हता. आतल्या सीलमधून तेल हळूहळू मागे झिरपलं होतं, एवढंच. इतकी वर्षं सरळ उभा असलेला लाकडी सांगाडा एका रात्रीत पिळला गेला आणि दाराशेजारच्या फळीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. चूक माझी होती. "उद्या इथूनच पुढे सुरू करू" असं म्हणून मी खाली टेकू न देता घरी गेलो होतो.

त्या दिवसापासून नवीन माणूस कामावर आला की मी त्याला आधी क्रेन दाखवत नाही, लाकडी ठोकळ्यांचा ढीग दाखवतो. उचलायचं साधन निवडताना आपण 'हे वर कसं जाईल' एवढाच विचार करतो. वजन वर असतं ते काही मिनिटं. त्यानंतर ते कुठे तरी टेकतं आणि तिथे आठवडे, महिने, कधी कधी वर्षानुवर्षं राहतं. जीर्णोद्धाराच्या कामात तर हे फारच खरं, कारण एखादा भाग मिळेपर्यंत डबा दोन-दोन वर्षं तसाच उभा राहतो. त्यात कार्यशाळा लोकांना पाहायला खुली असेल, तर त्या टेकलेल्या वजनाशेजारून रोज माणसं जाणार. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या याच क्रमाने घ्या: आधी वजन, मग जमीन आणि टेकू, आणि त्यानंतर साधन.

वजन कागदावर काढा

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नका. डब्याच्या किंवा वाघिणीच्या बाजूवर रिकामं वजन रंगवलेलं असतं, ते नोंदवा. पण तो आकडा गाडी वापरात असतानाचा आहे. नंतर बसवलेल्या टाक्या, डब्याच्या तळाला चिकटलेली कोळशाची पूड आणि माती, पावसात वर्षानुवर्षं भिजलेलं लाकूड यांतलं काहीच त्यात धरलेलं नसतं. इंजिनाच्या बाबतीत मूळ नकाशे मिळाले तर उत्तमच, कारण त्यांत प्रत्येक धुरीवरचा (चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार वेगळा दिलेला असतो.

सुट्या भागांचं वजन टेप आणि कॅल्क्युलेटर घेऊन काढता येतं. पोलादाचा एक घनमीटर म्हणजे ७,८५० किलो. म्हणजे १० मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलोंची. बीड (ओतीव लोखंड) थोडं हलकं, सुमारे ७,२०० किलो घनमीटरला. पितळ आणि तांबं पोलादापेक्षा जड. एक उदाहरण करून पाहा. १७५ मिलिमीटर व्यासाची आणि २.२ मीटर लांबीची भरीव धुरी घ्या. तिचं वजन साधारण ४१५ किलो निघतं, आणि त्यात चाकं अजून धरलेली नाहीत. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केलं की 'धुरी काय, चौघांत हलेल' असं परत तोंडातून निघत नाही.

बॉयलरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांभाळा. 'रिकामा आहे' असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तळाचे वॉशआउट प्लग (आतून धुण्यासाठीची बुचं) उघडून स्वतः बघा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. त्याहून वाईट म्हणजे ते पाणी स्थिर राहत नाही. बॉयलर जरा कलला की सगळं पाणी खालच्या टोकाकडे धावतं आणि तुम्ही धरलेला तोल क्षणात बदलतो. नळ्यांमध्ये साचलेल्या क्षाराचंही वजन असतंच.

तोल नेमका कुठे आहे, हा वजनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. बॉयलरचा तोल लांबीच्या मध्यावर नसतो, फायरबॉक्सच्या (भट्टीच्या) बाजूला सरकलेला असतो. डब्याच्या खाली एका अंगाला बॅटरीची पेटी असेल, तर ती बाजू जड. हुक या तोलाच्या बिंदूच्या बरोब्बर वर यायला हवा. नाहीतर उचलताच भार स्वतःच तिथे सरकतो, आणि तो सरकतो तेव्हा कोणाच्या हातात राहत नाही. खडूने मोठी फुली मारा, सगळ्यांना दिसेल अशी.

शेवटी बेरीज करताना हुकाखाली लटकणारं सगळं धरा: स्लिंग (भाराला लावायचा पट्टा किंवा साखळी), शॅकल (पिनेची जोडकडी), लिफ्टिंग बीम (हुकाखाली आडवी धरायची तुळई). आकडा अंदाजाचा असेल तर मी त्यात आणखी २० टक्के घालतो. शक्य असेल तिथे हुक आणि भार यांच्यामध्ये लोडसेल (वजन दाखवणारा काटा) लावून खरं वजन वाचून घ्या. तो आकडा त्या भागावर रंगाने लिहून ठेवा, पुढच्या माणसाचं काम वाचेल.

खाली काय आहे

आता जमीन. समजा बोगी (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) काढायच्या आहेत आणि वरच्या डब्याचं वजन २४ टन आहे. चार कोपऱ्यांना चार जॅक, म्हणजे प्रत्येकावर ६ टन, असं शाळेतलं गणित सांगतं. पण चार पायांचं टेबल जरा उंचसखल फरशीवर ठेवा, ते दोनच समोरासमोरच्या पायांवर डुगडुगतं. डब्याचंही तसंच होतं. एक जॅक थोडा मागे राहिला की जवळजवळ सगळा भार तिरप्या रेषेतल्या दोघांवर येतो, म्हणजे प्रत्येकी १२ टन. म्हणून इथे १० टनी जॅक चालणार नाहीत. मी २० टनीच लावीन.

तोच ६ टनांचा भार ३० सेंटिमीटर चौरस पायाच्या जॅकमधून जमिनीत उतरतो, तेव्हा दाब चौरस मीटरला सुमारे ६७ टन होतो. जुन्या शेडची फरशी किती जाड आहे, तिच्याखाली गटार, केबलची नाली किंवा बुजवलेला पिट (रुळांमधला कामाचा खड्डा) आहे का, हे कळल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवता येत नाही. एक मीटर चौरस जाड पोलादी प्लेट किंवा कठीण लाकडाच्या स्लीपरचा मंच मध्ये घातला, की तोच दाब ६ टनांवर येतो. हातोडीने फरशी ठोकत जा. पोकळ आवाज आला तर तिथे जॅक लावू नका.

टेकू रचताना लाकूड कठीण, कोरडं, चारही कडांनी चौकोनी हवं. एक थर आडवा, एक उभा, असं चौकडीने रचा. रचाईची उंची तिच्या पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. पोलादावर पोलाद थेट टेकवू नका. तेलाचा ओशटपणा असला की ते घसरतं. जॅकचं डोकं आणि सोलबार (डब्याच्या तळाची बाजूची लांब तुळई) यांच्यामध्ये प्लायवुडचा पातळ तुकडा घातला की पकड येते.

आणि मुख्य गोष्ट: जॅक वर जाईल तसा टेकू त्याच्या मागोमाग वर यायला हवा. दोघांमधली फट कधीही दोन बोटांपेक्षा जास्त नको. म्हणजे जॅक दगा देईल तेव्हा डबा दोन बोटंच खाली येईल. त्या रात्री मी एवढं केलं असतं तर ती फळी आज अखंड असती.

साधन निवडताना

नवीन कार्यशाळेला सगळ्यात आधी लागतात ते जॅक आणि स्टँड. क्रेन नंतर. जीर्णोद्धाराचं बरंचसं काम डबा अर्धा-एक मीटर वर घेऊन, खालून बोगी सरकवून काढण्याचं असतं आणि ते जॅकवर उत्तम होतं.

जॅक दोन जातींचे. स्क्रू जॅकमध्ये आटेच भार धरून ठेवतात. हात काढला तरी तो घर्षणामुळे आपणहून खाली येत नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये भार तेलावर उभा असतो. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: लहान पिस्टनवरचा जोर मोठ्या पिस्टनवर अनेक पटींनी वाढतो. पण तो जोर धरून ठेवतं ते सील. म्हणून हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही. यांत्रिक लॉक-रिंग असलेला जॅक मिळत असेल तर तोच घ्या, आणि ती रिंग प्रत्येक थांब्याला खाली घट्ट फिरवा. भार जमिनीलगत असेल तर पंजावर उचलणारा टो जॅक लागतो, पण पंजावरची क्षमता डोक्यावरच्या क्षमतेपेक्षा कमी असू शकते, पाटी वाचा.

मोठ्या रेल्वे कारखान्यांत विजेवर चालणारे चार उंच स्क्रू जॅक असतात, एकाच नियंत्रणावर चौघं बरोबरीने वर जातात. रेल्वेवाले त्यांना व्हायटिंग जॅक म्हणतात. ते मिळाले तर डबा पिळण्याची भीती खूपच कमी होते. हातजॅकवर काम करायचं असेल तर एका वेळी एकच टोक उचला, दुसऱ्या टोकाच्या बोगीला दोन्ही बाजूंनी उटी (चाकाखालची पाचर) लावून.

दुसरं साधन म्हणजे चेन पुली ब्लॉक आणि तो टांगायला चाकांची 'ए' आकाराची गॅन्ट्री. ॲक्सलबॉक्स (धुरीच्या टोकाची बेअरिंगची पेटी), स्प्रिंगा, पंप, बफर असल्या एक-दोन टनांपर्यंतच्या गोष्टींसाठी याहून शहाणं यंत्र नाही. हाताने चेन ओढता, सोडली की आतला ब्रेक भार जागच्या जागी धरतो. तो एका माणसाने ओढायचा असतो. दुसऱ्याला मदतीला बोलवावं लागलं, तर समजा भार क्षमतेबाहेर आहे किंवा काही तरी अडकलंय. थांबा. लिव्हर हॉइस्टच्या (दांडा हलवून भार उचलणाऱ्या साधनाच्या) दांड्यावर पाइप घालून तो लांब करणं हाही त्यातलाच प्रकार.

एक मोह मात्र टाळाच. जुन्या शेडच्या छताच्या कैच्या इतक्या दणकट दिसतात की चेन पुली तिथेच टांगावीशी वाटते. त्या कैच्या छप्पर आणि वारा पेलायला बांधलेल्या असतात, मध्यावर लटकणारा टनभर भार पेलायला नाही. इमारत अभियंत्याने लेखी सांगितल्याशिवाय छताला काहीही टांगू नका. आणि वारसा इमारत असेल तर तिचं नुकसान हे डब्याच्या नुकसानाएवढंच दुःखाचं आहे.

डोक्यावरची ईओटी क्रेन (छताखाली पुलासारखी सरकणारी विजेची क्रेन) हवीच असेल तर तिचे स्वतःचे खांब आणि पाया लागतात. बॉयलर फ्रेमवरून काढणं, इंजिन दुसऱ्या रुळांवर ठेवणं ही कामं काही वर्षांतून एकदा येतात. त्यासाठी चालकासकट मोबाइल क्रेन भाड्याने घ्या. मात्र तिचे आउटरिगर (बाजूला पसरणारे पाय) कुठे टेकणार आणि वर विजेची तार आहे का, हे क्रेन यायच्या आधी बघा. फोर्कलिफ्टच्या काट्यांना चेन गुंडाळून काही टांगू नका, त्यासाठी वेगळं प्रमाणित जोडसाधन येतं.

स्लिंग, शॅकल आणि कोन

नवीन माणसाला कोन समजावायला मी बादली वापरतो. पाण्याने भरलेल्या बादलीच्या कडीतून दोर ओवा आणि दोघांनी दोन टोकं धरा. जवळजवळ उभे राहा: बादली हलकी वाटते. आता दोघेही एकेक पाऊल मागे सरका. पाणी तेवढंच आहे, पण दोर तळव्यात रुतायला लागतो. आणखी दोन पावलं, आणि बादली कितीही ताकद लावली तरी वर येत नाही.

स्लिंगच्या दोन पायांचं हेच होतं. पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असले तर प्रत्येकावर एकूण भाराच्या ०.५८ पट ताण येतो. ४५ अंशांत ०.७१ पट. ३० अंशांत प्रत्येक पायावर पूर्ण भाराएवढा ताण, म्हणजे दोन पाय असून नसल्यासारखे. मी ६० अंशांखाली जात नाही. उंची कमी पडली तर लिफ्टिंग बीम लावून पाय सरळ करतो. लाकडी डब्याला तर बीम हवाच, कारण तिरपे पाय बाजूच्या भिंती आत चेपतात. चार पायांचं स्लिंग असेल तर पुन्हा ते टेबल आठवा, आणि हिशोब चार पायांवर करू नका.

कोणतं स्लिंग कशाला? चेन स्लिंग उष्णता आणि धारदार कडा जास्त सोसतं; ग्रेड ८० च्या १० मिलिमीटर चेनचा एक पाय सरळ उभा ३.१५ टन उचलतो. पण घासून गुळगुळीत केलेल्या जर्नलवर (धुरीच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) चेन टेकली की ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा पुढे बेअरिंग तापवतो. रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या, पितळी भागांना वेबिंगचं पट्टा-स्लिंग लावा, प्रत्येक कडेला जाड संरक्षक घालून. युरोपीय मानकात या पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. पण रंग उन्हाने उडतो आणि सगळीकडे हेच मानक पाळलं जात नाही, म्हणून लेबल वाचा. लेबल फाटलं असेल तर तो पट्टा कापून टाका. 'सामान बांधायला होईल' म्हणून ठेवलेला पट्टा हमखास हुकावर परत येतो.

पट्टा भाराभोवती फास घालून लावला की त्याची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते. गाठ मारून स्लिंग लहान करू नका. शॅकलची पिन हरवली म्हणून तिथे नटबोल्ट घालू नका. आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) सरळ वर ओढण्यासाठी असतो. तिरपा ताण आला की त्याची ताकद झपाट्याने घटते, आणि कॉलर नसलेला आयबोल्ट तिरप्या ताणाला लावूच नये.

चाकजोडी उचलायची असेल तर स्लिंग धुरीच्या जाड भागाला, दोन्ही चाकांच्या आत, पट्टा आणि संरक्षक घालून लावा. जर्नलवर नाही.

जुनी साधनं: वापरायची की दाखवायची?

अशा कार्यशाळेत जुन्या साधनांचा खजिना असतो. पितळी पाटीवर '१० टन' असं ठसठशीत कोरलेला स्क्रू जॅक, हाताएवढ्या जाड कड्यांची साखळी. त्यांचा मोह मला कळतो, कारण मलाही तो होतो. तरीही घडीव लोखंडाची जुनी साखळी भाराला लावू नका. वापरात ती ठिसूळ होत जाते. म्हणूनच पूर्वी ती ठरावीक काळाने तापवून मऊ करून घेत. आणि ती तुटते तेव्हा आधी काही सांगत नाही.

याच कारणाने जर्मनीतल्या हार्झच्या खाणीत विल्हेल्म आल्बर्टने १८३४ मध्ये तारेचा दोर वापरात आणला. दोराची एकेक तार तुटत जाते आणि बाकीच्या भार धरतात, म्हणजे पाहणाऱ्याला वेळ मिळतो. वायर रोप तपासताना त्यावरून जुनं फडकं ओढा, उघडा हात नाही. जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलेली आहे.

जुन्या साधनांवर लाल रंगाचा पट्टा मारा, 'फक्त प्रदर्शनासाठी' असं लिहा आणि ती चालू साधनांपासून वेगळ्या, भिंतीलगतच्या जागी ठेवा. लोकांना ती पाहायला आवडतात, आणि तुटलेली कडी हातात घेऊन सांगितलेली गोष्ट कुणी विसरत नाही.

वही

प्रत्येक साधनावर क्रमांक, सुरक्षित भार आणि शेवटच्या तपासणीची तारीख. जॅक, चेन पुली, प्रत्येक शॅकल आणि पट्टासुद्धा. क्रमांक नसलेलं साधन वापरायचं नाही. कायदा देशोदेशी वेगळा आहे: भारतात नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम २९ उचल-यंत्रं, चेन, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून दर १२ महिन्यांतून किमान एकदा तपासणी मागत असे, ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार स्लिंग-शॅकलसारख्या जोडसाधनांची सर्वसाधारणपणे दर ६ महिन्यांनी आणि यंत्रांची १२ महिन्यांनी तपासणी होते. तुमच्या ठिकाणचा नियम माहीत करून घ्या. पण तो सहा महिन्यांचा असो की वर्षाचा, रोज वापराआधी स्वतः पाहायचं ते पाहायचंच: हुक उघडलाय का, त्याची जीभ मिटते का, चेनची कडी ताणली किंवा झिजली आहे का, पट्ट्याला काप किंवा जळलेला डाग आहे का.

लोक पाहत असताना

आता या कामातला सगळ्यात अवघड भाग. माणसं बघायला येतात, आणि यावीतच. हे काम लोकांसमोर व्हावं असं मला मनापासून वाटतं. बोगी डब्याखालून बाहेर येताना पाहिलेलं मूल ते आयुष्यभर लक्षात ठेवतं. पण पाहुण्याला धोका दिसत नाही. जॅकवर उभा डबा त्याला रुळांवरच्या डब्यासारखाच स्थिर वाटतो.

एकदा माझ्यासमोर घडलेली गोष्ट. ॲक्सलबॉक्स चेन पुलीच्या हुकाला लावलेला होता, अजून मंचावरच टेकलेला. आम्ही पाच मिनिटं चहासाठी बाजूला झालो. हाताची चेन जमिनीपासून गुडघाभर उंचीवर लोंबत होती. एका पाच-सहा वर्षांच्या मुलाने ती ओढली. ब्लॉकची टकटक ऐकून मी वळलो, तेव्हा ॲक्सलबॉक्सचं एक टोक मंचावरून उचललेलं होतं आणि मूल खूश होऊन आणखी ओढत होतं. काही झालं नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे काम थांबलं की हाताची चेन कापडी पिशवीत जाते आणि पिशवी डोक्याच्या वर बांधली जाते. क्रेनच्या पेंडंटची (बटणांच्या लोंबत्या पेटीची) चावी काढली जाते, जॅकचे दांडे कुलपात जातात. लटकता भार तर एका क्षणासाठीही सोडून जायचा नाही.

प्रत्यक्ष उचलीची वेळ शक्यतो दारं उघडायच्या आधीची ठेवा. लोकांना दाखवायचीच असेल तर ती ठरवून, जाहीर करून दाखवा. कठडा किती लांब? भार पडला, आडवा झाला आणि घरंगळला तर कुठवर येईल, ते मोजा आणि त्याच्याही बाहेर कठडा लावा. फरशीवरची पिवळी रेघ कर्मचाऱ्यांना पुरते, पाहुण्यांना नाही. त्यांच्यासाठी कंबरेएवढा पक्का कठडा हवा आणि मुलांना आरपार दिसेल अशी जाळी. उंच गॅलरी असेल तर त्याहून चांगलं, पण भाराचा मार्ग तिच्या वरून किंवा अगदी जवळून जाऊ देऊ नका.

एका माणसाला फक्त पाहुण्यांसाठी ठेवा. त्याची पाठ भाराकडे आणि तोंड लोकांकडे. हे नवीन स्वयंसेवकाला फार जड जातं, कारण सगळं पाहण्यासारखं त्याच्या मागे घडत असतं. म्हणून हे काम आळीपाळीने द्या. तो बोलतो, काय चाललंय ते सांगतो, आणि कोणी कठड्यावरून वाकलं की हात वर करतो. हात वर झाला की उचल थांबते, कोणताही प्रश्न न विचारता.

जॅकवर किंवा स्टँडवर असलेल्या डब्यात पाहुण्यांना चढवू नका. "फक्त एक फोटो" लासुद्धा नाही.

पहिली उचल

समजा एका डब्याचं एक टोक उचलून बोगी बाहेर काढायची आहे. सगळे एकत्र उभे राहा, आणि काम कसं होणार ते एकाने बोलून दाखवा. इशारे देणारा एकच माणूस असेल. 'थांबा' मात्र कोणीही म्हणू शकतो, अगदी झाडू मारणारासुद्धा. खलाशांच्या बोलीत वर घ्यायला 'हबेस' आणि खाली सोडायला 'आर्या' म्हणतात. शब्द कोणतेही वापरा, पण सगळ्यांना तेच माहीत हवेत, आणि शेडमध्ये कंप्रेसर चालू असेल तर हाताचे इशारेच.

दूरच्या बोगीला उट्या लावा. मग जवळच्या बोगीपासून डबा खरोखर मोकळा आहे का पाहा: व्हॅक्यूमचे होस, ब्रेकच्या दांड्या, डायनॅमोचा पट्टा, केबल, सुरक्षा साखळ्या, पिव्हटची (बोगी जिच्यावर वळते त्या खुंटीची) कॉटर, म्हणजे खीळ. यांतली एक राहिली की बोगी डब्याबरोबर वर येते आणि मग मध्येच सुटते. डब्याच्या आत दोन्ही टोकांच्या भिंतींना एकेक ओळंबा टांगा आणि प्रत्येकाखाली डब्याच्याच तळफळीवर पेन्सिलने खूण करा. एका टोकाचा ओळंबा दुसऱ्याच्या तुलनेत आडवा सरकला, तर सांगाडा पिळला जातोय.

जॅक दोन्ही बाजूंनी सारखेच, थोडे थोडे चढवा. भार जेमतेम सुटला, दोनेक बोटं वर आला, की थांबा. पाच मिनिटं काहीच करू नका. जॅकचे पाय फरशीत रुतलेत का, लाकूड करकरतंय का, ओळंबे कुठे आहेत, एवढं पाहा. जमिनीकडून आणि लाकडाकडून जे काही कळायचं ते याच पाच मिनिटांत कळतं. सगळं शांत असेल तर पुढे जा, टेकू मागोमाग भरत.

बोगी मोकळी झाली की ती लांब पहारीने किंवा दोराने सरकवा. कोणीही डब्याखाली शिरत नाही, हातसुद्धा नाही. पिव्हट सुटतोय का ते पाहायला टॉर्च आणि बाजूने धरलेला आरसा पुरतो. बोगी बाहेर आली की सोलबारच्या आडव्या बीमाखाली स्टँड लावा, पिना घाला, आणि मग जॅक सावकाश उतरवा, पूर्ण भार स्टँडवर बसेपर्यंत. जॅकचं डोकं मोकळं फिरलं की तो बाहेर काढा.

मग ओळंब्यांच्या खुणा पुन्हा पाहा, दांडे कुलपात टाका, वहीत वेळ आणि स्टँडचे क्रमांक लिहा. आणि घरी जाण्याआधी बाहेरच उभं राहून, हात वर करून, त्या कोपऱ्यातलं दार एका बोटाने ढकलून बघा. सरकलं तर दिवे बंद करा.